तीन लाटांच्या आत

राई गावात महिपत तांडेलाची ओळख करून देताना लोक दोन गोष्टी सांगत. एक, या माणसाला भाईंदरची खाडी तोंडपाठ आहे. आणि दोन, याच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडू नये, कारण हरला तरी गडी हरल्याचं कबूल करत नाही. दुसरी गोष्ट त्याची बायको दुर्गा जास्त ठासून सांगायची, आणि तिचा अनुभव दांडगा होता.

महिपतची मासेमारी डोलीची. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे तळाच्या चिखलात लांब खुंट रोवलेले असतात. त्यांना डोल बांधायची. डोल म्हणजे पायजम्याच्या एका पायासारखं, तोंडाशी ऐसपैस आणि शेवटी निमुळतं होत गेलेलं जाळं. ओहोटीचं पाणी त्यातून धावतं, आणि त्याबरोबर आलेला बोंबील, जवळा, मांदेली शेवटच्या पिशवीत जाऊन बसते. पाणी थांबलं की डोल ओढायची. कधीमधी पिशवी नको इतकी जड लागायची, आणि वर येताना माशांच्या ढिगात एखादं कासव दिसायचं.

कासव दिसलं की होडीवरची इतर कामं बंद. कासव म्हणजे देव. देवळात शिरताना सुद्धा आधी उंबऱ्यापुढच्या दगडी कासवाला हात लावायचा आणि मग पुढे जायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तो देव स्वतः होडीवर आला तर त्याला ताटकळत ठेवायचं नाही, असा रिवाज. हळद-कुंकू लावायचं, पुढच्या पायाला लाल दोरा बांधायचा, नारळ वाहायचा आणि तीन लाटा होडीला लागायच्या आत देवाला पाण्यात सोडायचं. चौथी लाट लागली तर देवाला कोंडल्याचं पाप.

या कामात महिपतचा हात कुणी धरला नसता. त्याच्या आज्याचा आणि बापाचा मानही तसाच मोठा. नारळी पुनवेला दर्याला पहिला नारळ जायचा तो या घराच्या हातून, आणि मग बाकीच्या गावाचे. बाप गेल्यापासून तो मान महिपतकडे होता. पुनवेच्या दिवशी तो कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून असा काही निघायचा की दुर्गा म्हणायची, “नारल तुमी दर्याला द्याचा हाय, दर्यानं तुमाला न्हाय.”

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत डोलीत एक कासव आलं. चांगलं परातीएवढं. मान लुळी पडलेली, डोळे अर्धे मिटलेले. “देव निजलाय,” महिपत म्हणाला. होडीवर त्याच्याबरोबर खंडू होता, दुर्गाचा धाकटा भाऊ. त्याने कुंकवाची डबी पुढे केली, महिपतने दोरा बांधला, आणि दुसऱ्या लाटेला दोघांनी मिळून देवाला पाण्यात सोडलं. कासव दगडासारखं खाली गेलं. महिपतने हात जोडले. एक लाट शिल्लक ठेवून काम झालं, याचं त्याला समाधानही वाटलं.

दोन दिवसांनी दुर्गा बायकांबरोबर खाडीत कालवं काढायला गेली होती. ती परत आली ती टोपली बाहेरच ठेवून सरळ घरात. महिपत भाकरी खात होता. तिने त्याच्या ताटाशेजारी लाल दोऱ्याचा तुकडा ठेवला. चिखलाने माखलेला, पण गाठ शाबूत.

“हा तुमचाच ना?”

दोरा तिनेच वळला होता आणि गाठ महिपतची होती. त्याची गाठ गावात दुसरं कुणी मारत नसे.

“कुठं गावला?”

“तिवरांत. कासवाच्या पायाला.”

“मंग दोरा सोडलास कशाला?”

“मेलंय ते,” दुर्गा म्हणाली. “फुगून वर आलंय. कावले बसलंन वर.”

महिपतने घास खाली ठेवला आणि वादाला सुरुवात केली. ते आधीच म्हातारं असेल. शार्कने धरलं असेल. देवाची वेळ भरली असेल. दुर्गाने सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि विचारलं, “डोलीत किती वेल व्हतं?”

“असल आख्खी ओहोटी.”

“आख्खी ओहोटी पान्याखाली. ते काय मासा हाय? वर येऊन नाक काढून दम घेतंय ते, तुमीच सांगता. मंग ते निजलं नव्हतं, बुडलं व्हतं. बुडालेल्या मानसाला कुनी परत पान्यात सोडतंय?”

महिपत त्या दिवशी जेवण अर्धं टाकून उठला. हरला होता, पण कबूल करायचं नव्हतं. समुद्रावर जायची वेळ नव्हती तरी तो रागाने गेला आणि होडीत उगाचच बसून राहिला. आजवर आपण किती कासवं सोडली हे आठवत बसला. चाळीस? पन्नास? त्यातली किती पोहत गेली आणि किती दगडासारखी खाली गेली? जी खाली गेली त्यांनाही त्याने हात जोडले होते. देव घरी गेला म्हणून छाती फुगवून तो परत आला होता. त्याला शरम वाटली. अशी शरम त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

पुढची गोष्ट खरं तर महिपतच्या फजितीची आहे, आणि तो ती कुणाला सांगू द्यायचा नाही. एकोणनव्वदच्या माघात एकदा ओहोटी अर्ध्यावर असतानाच डोल ओढली, तर पुन्हा एक कासव आलं. पुन्हा तसंच लुळं. खंडूने डबी उघडली, पहिली लाट लागली, दुसरी लागली, तिसरी लागली. महिपत कासव हातात धरून उभा. सोडावं तर बुडणार, ठेवावं तर पाप. चौथी लाट लागली तशी खंडू घाबरून म्हणाला, “भावजी, लाट गेली!”

“गेली तर जाऊ दे. आपन पन जाऊ.”

पण या घोळात ओहोटी कुठवर आली याकडे त्याचं लक्ष राहिलं नाही, आणि खाडी तोंडपाठ असलेल्या महिपत तांडेलाची होडी भर दिवसा चिखलाच्या बांधावर जाऊन रुतली. आता भरती येईपर्यंत बसणं आलं. पाणी उतरलं तशी होडी एका अंगावर कलली. फळ्यांवरचं कासव घसरत खालच्या बाजूला गेलं आणि डोकं खाली, शेपटीकडची बाजू वर, असं अडकून राहिलं. ऊन चढायला लागलं. खंडूने त्याच्यावर भिजवलेलं गोणपाट टाकलं, तेही मासे झाकायच्या सवयीने.

तासाभराने महिपतला दिसलं की कासवाच्या नाकातून पाणी गळतंय. थेंब थेंब. तो उकिडवा बसला आणि बघत राहिला. सूर्य डोक्यावर आला. त्याने सहज त्याच्या डोळ्याजवळ बोट नेलं, तर पापणी हलली. “खंडू!” एवढंच तो ओरडला. पुढे बराच वेळ काही नाही. मग कासवाने मान उचलली, तोंड उघडलं, आणि म्हाताऱ्या माणसाने झोपेतून उठताना टाकावा तसा मोठा उसासा टाकला. खंडू तर चक्क रडायला लागला, आणि त्याला गप्प करता करता महिपतचेही डोळे भरून आले.

भरतीने होडी उचलली तेव्हा कासव फळ्यांवर फटाफट पाय आपटत होतं. दोघांनी पाठीच्या कडा दोन बाजूंनी धरून त्याला होडीच्या कडेवरून अलगद पाण्यात ठेवलं. ते खाली गेलं नाही. वाव-दोन वाव पोहलं, डोकं वर काढलं, दम घेतला आणि मग समुद्राच्या दिशेने निघालं. दोरा बांधायचा राहून गेला होता. तो महिपतने घरी नेला आणि दाराच्या खिळ्याला अडकवला.

दुर्गाने तो बघितला. “मंग? मी बोलले तेच ना?”

“मना आधीच म्हाईत व्हतं,” महिपत म्हणाला.

त्या दिवसापासून होडीवर नवा कायदा सुरू झाला. कासव उताणं टाकायचं नाही, पायाला धरून उचलायचं नाही, पाठीच्या कडांना धरायचं. ते चळवळत असेल तर इंजीन बंद करून लगेच सोडायचं, आणि लुळं असेल तर मागची बाजू वीतभर उंच करून, सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं आणि वाट बघायची. जाळ्यात गुरफटलं असेल तर जाळं कापायचं. कापलेली डोल मग दुर्गा अंगणात बसून तुणायची आणि तुणताना देवाला चार शब्द सुनवायची, पण “कापू नका” असं एकदाही म्हणाली नाही. खिळ्याला दोऱ्यांचा झुबका वाढत गेला.

गावाला हे पटलेलं नव्हतं. इतर होडीवाले त्याच्या होडीला “महिपतचा दवाखाना” म्हणायचे. गावकीचे म्होरके राघो काका थट्टेतले नव्हते. सत्तरीच्या घरातला हा करारी माणूस, गावाच्या रीतीभातींचा जाणकार. ते एकदा वाटेत थांबून म्हणाले, “तुजा बाप तीन लाटांच्या आत देव सोडीत व्हता. तू देवाला गोणपाटात गुंडालतंस. हे बरं न्हाय.”

“काका, ते बुडलेलं असतंय.”

“देव बुडत न्हाय,” राघो काका म्हणाले आणि चालू लागले.

मग एक्याण्णव साल उजाडलं, आणि महिपतला त्याच्या गर्वानेच खाल्लं. फाल्गुनात एक प्रचंड कासव आलं, चौघांनी उचलावं असं. ते लुळं होतं, पण बोट लावलं की पापणी मिटत होती. एरवी तो होडी नांगरून समुद्रावरच वाट बघायचा. त्या दिवशी त्याने ते कासव थेट बंदरावर आणलं. गावाला एकदा दाखवूच, बुडालेला देव कसा उठतो ते, असं त्याच्या मनात होतं.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. राईचे आले, शेजारच्या मुर्धा गावचे आले, भाईंदरच्या नव्या इमारतींत राहायला आलेले, रविवारी मासळी न्यायला येणारे पांढरपेशेही पोरांना खांद्यावर घेऊन आले. राघो काका आले. महिपतने सगळ्यांसमोर सांगितलं, “सांजपर्यंत हा उठून बसेल.”

“आनि न्हाय बसला तर?” राघो काकांनी विचारलं. “देवाला बंदरावर मारल्याचं पाप कुनाच्या माथी? मंग पुनवेचा नारल तुज्या हातून जानार न्हाय.”

“न्हाय गेला तर न्हाय गेला,” महिपत म्हणाला. दुर्गाने डोकं धरलं.

आणि मग ते झालं, जे आपल्याकडेच होऊ शकतं. देव आलाय म्हटल्यावर लोक नुसते बघत थोडेच राहणार? बायकांनी ओवाळलं. हार घातले. हळद कालवलेल्या पाण्याचे तांबे देवाच्या डोक्यावर ओतले. कुणी नारळ फोडून त्याचं पाणी तोंडात घातलं, कुणी तीर्थ पाजलं. जो येईल त्याचा एक तांब्या. महिपतला कळत होतं का? नंतर तो स्वतःच म्हणाला, कळत होतं. एकदोनदा तो “तोंडावर नको, तोंडावर नको” म्हणाला सुद्धा. पण सगळं गाव आपल्या होडीभोवती हात जोडून उभं आहे, हे बघून त्याची छाती अशी फुलली होती की त्याला त्या बायकांचा हात धरवेना. खाली केलेल्या डोक्यातून जेवढं पाणी गळत होतं, त्याच्या दुप्पट लोक नाकातोंडात ओतत होते. ऊन उतरलं तेव्हा त्याने डोळ्याला बोट लावलं. पापणी हलली नाही.

समुद्रात न बुडालेला देव गावाने बंदरावर बुडवला, भक्तीने. आणि तांडेल बघत उभा राहिला.

महिपतने लोकांवर एका शब्दानेही दोष टाकला नाही. “माजी चुकी,” एवढंच तो राघो काकांना म्हणाला. हरल्याचं त्याने आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं ते असं, भर गावात. त्या पुनवेला पहिला नारळ राघो काकांच्या हातून गेला. महिपत गर्दीत शेवटच्या रांगेत उभा होता, इस्त्री न केलेल्या सदऱ्यात. त्याला फार लागलं. तीन पिढ्यांचा मान आपल्या हातून गेला, हे दुःख त्याला घास गिळू देईना. दुर्गाने त्या रात्रीच्या जेवणात नारळीभात केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी हंगाम सुरू झाला. खंडूला वाटलं, भावजी आता हळद-कुंकू आणि तीन लाटांवर परत येतील. गाव खूश होईल, मान परत मिळेल, सोपं होतं. पहिल्याच पंधरवड्यात डोलीत लुळं कासव आलं आणि खंडू न विचारता डबी शोधायला लागला.

“गोणपाट भिजव,” महिपत म्हणाला.

“भावजी, गाव…”

“गाव बंदरावर हाय. कासव हितं हाय. आनि ऐक, डोक्यावर पानी न्हाय. पाठीवर मार, नाक मोकलं ठेव.”

त्या कासवाने सात तास घेतले. सात तास होडी नांगरलेली, बोंबील उन्हाने मऊ पडत चाललेले आणि हे दोघे एका कासवाच्या नाकाकडे बघत बसलेले. ते उठलं, गेलं. महिपतने ते कुणाला सांगितलं नाही. फक्त दोरा खिळ्याला अडकवला. पुन्हा बंदरावर एकही कासव त्याने आणलं नाही.

अशी वर्षं गेली. मिठागरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त यायला लागल्या, भाईंदरची गर्दी राईच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली. दोऱ्यांच्या वजनाने खिळा वाकला, तर दुर्गाने दुसरा ठोकला. थट्टा करणारे होडीवाले समुद्रावर भेटले की आता हळूच विचारायचे, “कासव लुलं हाय, काय करू रं?” महिपत एका होडीवरून दुसऱ्या होडीवर ओरडून सांगायचा, आणि कुणी चुकून उताणं टाकलं तर असा शिव्या घालायचा की वारा पडावा. गावात मात्र कुणी बोलत नसे. पुनवेचा नारळ राघो काकांच्याच हातून जात होता, आणि महिपत मागे उभा राहत होता.

सत्त्याण्णवच्या पौषात एका सकाळी खंडू धावत आला. “भावजी, राघो काका बोलवतंय. खाडीच्या तोंडाशी. होडी नांगरून बसलंय पहाटंपासून.”

“झालं काय?”

“कासव.”

महिपत तसाच उठला. वाटेत त्याच्या डोक्यात हजार गोष्टी. म्हाताऱ्याने उताणं टाकलं असेल. तीर्थ पाजलं असेल. हार घातला असेल. वल्हं मारता मारता त्याने खंडूला दहा वेळा “हाण लवकर” म्हटलं.

होडीवर चढला आणि जागीच थांबला.

जुन्या जाळ्याचा गठ्ठा करून कासवाची मागची बाजू त्याच्यावर ठेवली होती. डोकं खाली. पाठीवर ओलं गोणपाट, नाक मोकळं. आणि पंचाहत्तरी ओलांडलेले राघो काका स्वतः उघडी छत्री धरून त्याच्यावर सावली करून बसले होते. त्यांचा मुलगा पाण्याचा डबा घेऊन आला तर त्याच्यावर खेकसले, “पाठीवर! डोक्यावर मारशील तर तुलाच बुडवीन.”

महिपत पुढे होऊन वाकला आणि सवयीने बोट डोळ्याकडे नेलं.

“ते केलंय मी,” राघो काका म्हणाले. “मगाशीच मिटला. दोनदा.”

महिपतने हात मागे घेतला. करायला काहीच उरलं नव्हतं. तो एका फळीवर बसला आणि इतर सगळ्यांसारखा बघत राहिला. अर्ध्या तासाने कासवाने मान उचलली आणि तो उसासा टाकला. “असा आवाज करतंय व्हय,” राघो काका हळूच म्हणाले. मग गोणपाट सारखं करत म्हणाले, “आमी किती सोडले रं, महिपत. तीन लाटांच्या आत.”

“मी पन सोडले, काका.”

इंजीन बंदच होतं. महिपत कडा धरायला वाकला, पण पाण्यात ठेवायच्या आधी राघो काकांनी नारळ काढून महिपतपुढे धरला. “तू दे.”

महिपतने मान हलवली. “होडी तुमची. वाचवलंव तुमी. मी आलो तवा सगलं झालेलं व्हतं. नारल तुमीच द्या.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग नारळ वाहिला, कासव अलगद पाण्यात ठेवलं. त्याने डोकं वर काढलं, दम घेतला आणि गेलं.

“बरं,” राघो काका म्हणाले. “हा मी दिला. पन पुनवेचा तुजा. उद्यापरवा गावकीत सांगतो.”

घरी आल्यावर महिपतने हातपाय धुतले आणि दुर्गाला सांगायला बसला तो दिवेलागणीपर्यंत थांबलाच नाही. जाळ्याचा गठ्ठा केवढा होता, छत्री कशी धरली होती, “मगाशीच मिटला, दोनदा” हे तर त्याने चार वेळा सांगितलं, राघो काकांचा आवाज काढून. “मना हात लावावा लागला न्हाय गो,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “एक बोट पन न्हाय.” दुर्गाने लाल दोरा आणून पुढे केला तर म्हणाला, “तो ठेव. तो त्यांच्या दाराला अडकवाचा. आपल्या न्हाय.”

दुसऱ्या दिवशी दुर्गा मासळी विकायला बसली होती. शेजारी राघो काकांची बायको अनसूया येऊन बसली आणि म्हणाली, “बाय, सदऱ्याला इस्त्री कर आता. नारल परत आला ना घरी.”

दुर्गा टोपली तिथेच टाकून घरी आली. महिपत डोल तुणत बसला होता.

“अवो, पुनवेचा नारल आपल्याकडं आला! मना का न्हाय सांगितलं?”

महिपतने सुई थांबवली. त्याच्या खरंच लक्षात राहिलं नव्हतं. तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला.

“सांगितलं ना काल,” तो म्हणाला. “सांजपर्यंत तेच तर सांगत व्हतो.”